आधी शेती की आधी धाड?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या अकरावीतल्या भाच्याने मला एका संगणकीय खेळात हरवले. हरण्याचे मला फारसे काही वाटले नाही, पण किती वेळात हरलो ते ऐकाल तर हसाल. डाव सुरू होऊन पुरती चार मिनिटेही झाली नव्हती. मी आपला मन लावून कामकरी वाढवत होतो, खनिज साठवत होतो, पुढे केवढे मोठे सैन्य उभारायचे याचे बेत आखत होतो. तेवढ्यात त्याचे सहा चिमुकले प्राणी माझ्या ठाण्यात घुसले आणि त्यांनी एकेक करून माझे सगळे कामकरी मारून टाकले. “मामा, तू नुसती शेतीच करत बसलास,” तो म्हणाला.

दुसऱ्या डावात मी शहाणपणा केला. आरंभापासून नुसते सैनिकच काढले आणि चाल करून गेलो. या वेळी तो तयारीत बसला होता. माझा हल्ला त्याने सहज परतवला आणि थोड्या वेळाने माझ्या तिप्पट सैन्य घेऊन आला. तिसरा डाव सुरू करण्याआधी मी कागद-पेन्सिल मागवली. त्या कागदावर जे गणित झाले ते शिक्षकमित्रांना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना आवडेल असे वाटले, म्हणून हा लेख.

खेळ कसा असतो?

या खेळांना ‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ म्हणतात. बुद्धिबळात एक खेळाडू खेळी करतो आणि दुसरा तोवर थांबतो. इथे कोणी कोणासाठी थांबत नाही. घड्याळ सतत चालू असते आणि दोन्ही बाजूंचे बेत एकाच वेळी पुढे सरकत असतात. १९९२ मधील ‘ड्यून २’ या खेळाने हा साचा रूढ केला. त्यानंतर ‘वॉरक्राफ्ट’ (१९९४), ‘कमांड अँड कॉन्कर’ (१९९५) आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ (१९९७) आले. आम्ही खेळलो तो ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ ३१ मार्च १९९८ रोजी बाजारात आला. २०१७ पासून तो फुकट मिळतो, म्हणूनच भाच्याने तो उतरवून घेतला होता.

स्टारक्राफ्टमध्ये प्रत्येक खेळाडूला आरंभी एक ठाणे, चार कामकरी आणि ५० एकक खनिज मिळते. कामकरी जवळच्या खाणीतून खनिज आणत राहतात. एका कामकऱ्याकडून मिनिटाला साधारण ६५ एकक खनिज येते. नवा कामकरी काढायला ५० एकक लागतात, म्हणजे पाऊण मिनिटाच्या आसपास तो स्वतःची किंमत फेडतो आणि पुढचे सारे उत्पन्न निव्वळ नफ्याचे. पण सैनिकही याच खनिजातून निघतात. साध्या बंदूकधारी सैनिकाची किंमत तीच, ५० एकक. सैनिक काही कमावत नाही. तो फक्त लढतो.

म्हणजे हातात आलेल्या प्रत्येक ५० एककांच्या वेळी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. कामकरी काढू की सैनिक?

भाच्याने पहिल्या डावात काय केले होते ते आता पाहू. या खेळात तीन जमाती आहेत. त्यांतल्या ‘झर्ग’ या जमातीला पहिले सैनिक काढण्याआधी एक विशिष्ट इमारत बांधावी लागते. तिला २०० एकक लागतात. भाच्याने एकही नवा कामकरी काढला नाही. हातातल्या ५० मध्ये आणखी १५० साठेपर्यंत तो थांबला. चार कामकरी मिनिटाला २६० एकक आणतात, म्हणजे या कामाला सुमारे ३५ सेकंद पुरतात. इमारत उभी राहायला ५० सेकंद जातात. झर्ग जमातीत बांधकाम करणारा कामकरी स्वतःच त्या इमारतीत विरून जातो, म्हणून आता तीनच उरले. त्या तिघांनी ५० सेकंदांत आणखी सुमारे १६० एकक आणले. ‘झर्गलिंग’ नावाचे लहान प्राणी ५० एककांना दोन मिळतात. तेव्हा १५० एककांत सहा. तेही १८ सेकंदांत तयार. हिशेब केलात तर लक्षात येईल की पावणेदोन मिनिटांच्या सुमारास सहा झर्गलिंग माझ्या ठाण्याकडे निघाले होते. त्या वेळी माझ्याकडे बारा कामकरी होते आणि सैनिक एकही नव्हता.

श्रीमंत मीच होतो, आणि हरलोही मीच.

अशा घाईच्या हल्ल्याला खेळाडू ‘रश’ म्हणतात. आपण त्याला धाड म्हणू.

चिंचोक्यांचा खेळ

खऱ्या खेळात इतक्या गोष्टी एकदम चालू असतात की मूळ तत्त्व त्यांत झाकले जाते. म्हणून आपण तो साधा करून वर्गात खेळता येईल असा करू. त्यासाठी चिंचोके, खडे आणि काडेपेटीच्या काड्या एवढे साहित्य पुरे. चिंचोका म्हणजे खनिज, खडा म्हणजे कामकरी, काडी म्हणजे सैनिक.

आरंभी प्रत्येकाकडे चार खडे. दर फेरीला प्रत्येक खड्यामागे एक चिंचोका मिळतो. चार चिंचोके दिले की एक नवा खडा किंवा एक काडी घेता येते. नवा खडा पुढच्या फेरीपासून कमावू लागतो. उरलेले चिंचोके पुढच्या फेरीत वापरायचे.

आता तीन खेळाडूंची कल्पना करा. पहिला ‘धाडवाला’. तो पहिल्या फेरीपासून फक्त काड्या घेतो. दुसरा ‘बंदोबस्तवाला’. तो पहिल्या तीन फेऱ्या खडे घेतो आणि चौथीपासून काड्या. तिसरा ‘शेतीवाला’. तो सहा फेऱ्या खडे घेतो आणि सातवीपासून काड्या. कोणत्या फेरीअखेर कोणाकडे किती काड्या होतात ते विद्यार्थ्यांना स्वतः मोजू द्यावे. उत्तर असे येते:

| फेरीअखेर | ३ | ६ | ८ | १० | १२ |
|---|---|---|---|---|---|
| धाडवाला | ३ | ६ | ८ | १० | १२ |
| बंदोबस्तवाला | ० | ६ | ९ | १३ | १६ |
| शेतीवाला | ० | ० | ७ | १४ | २१ |

तक्ता नीट पाहा. तिसऱ्या फेरीअखेर धाडवाला पुढे आहे. सहाव्या फेरीला बंदोबस्तवाला त्याला गाठतो आणि आठव्याला मागे टाकतो. दहाव्या फेरीला शेतीवाला दोघांच्याही पुढे जातो आणि मग त्याला कोणी अडवू शकत नाही. प्रत्येकाचा एक काळ आहे. धाडवाल्याचा काळ सर्वांत आधी येतो आणि सर्वांत आधी संपतो.

आता असा प्रश्न विचारा. युद्ध नक्की दहाव्या फेरीअखेर होणार हे आधीच ठाऊक असेल, तर खडे घेणे कधी थांबवावे? खड्याची किंमत चार चिंचोके, तो दर फेरीला एक चिंचोका परत देतो. तेव्हा चार फेऱ्यांत तो फिटतो. म्हणून शेवटच्या चार फेऱ्यांत नवा खडा घेण्यात तोटा आहे, आणि त्याच्या आधी काडी घेण्यात तोटा आहे. सहाव्या फेरीपर्यंत सगळे खडे, सातवीपासून सगळ्या काड्या. थोडे इकडे थोडे तिकडे असा मध्यममार्ग इथे कामाचा नाही.

गंमत अशी की जीवशास्त्रज्ञांना हेच गणित वेगळ्या वाटेने भेटले. एका हंगामात जगून मरणाऱ्या वनस्पतीने अन्न पानांच्या वाढीत घालावे की बियांत? डॅन कोहेन यांनी १९७१ मध्ये हा प्रश्न गणिताने सोडवला. हंगामाची लांबी ठरलेली असेल तर आधी सगळी वाढ आणि मग एका क्षणी सगळे बी, असे उत्तर आले. गांधीलमाश्यांसारख्या कीटकांची काही पोळी एका हंगामापुरतीच असतात. त्यांत आधी कामकरी माश्याच निपजतात आणि हंगाम सरत आला की पुढच्या पिढीच्या राण्या व नर. मॅसेव्हिक्झ आणि ऑस्टर यांनी १९७६ मध्ये दाखवले की हीदेखील अशीच एका क्षणी कूस बदलणारी योजना आहे.

पण वनस्पतीला हंगाम कधी संपणार याचा ढोबळ अंदाज असतो. आपल्या खेळात हंगाम कधी संपवायचा ते प्रतिस्पर्धी ठरवतो. खरी अडचण इथून सुरू होते.

थोडी आघाडी पुष्कळ का ठरते?

तुम्ही म्हणाल, पाच सैनिकांविरुद्ध चार म्हणजे काही फार मोठा फरक नव्हे. पाचांनी चारांना मारले तर एखादाच उरेल. असे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते बरोबर नाही.

फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात या प्रश्नाचा विचार केला. १९१६ मध्ये विमानयुद्धावरच्या त्याच्या पुस्तकात हे गणित आले आहे. दोन्ही बाजूंकडे लांबून मारा करणारी शस्त्रे असतील, तर प्रत्येक सैनिक शत्रूच्या कोणत्याही सैनिकावर नेम धरू शकतो. पाचांचा मारा चारांवर वाटला जातो आणि चारांचा पाचांवर. कमी संख्येची बाजू त्यामुळे दुहेरी मार खाते. तिची माणसे जास्त वेगाने पडतात आणि ती पडली की तिचा माराही घटतो. याचा हिशेब केला तर असे निघते की सैन्याचे बळ संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सैनिक सारख्याच गुणांचे असतील तर उरलेल्यांच्या संख्येचा वर्ग म्हणजे दोन संख्यांच्या वर्गांतील वजाबाकी.

पाच विरुद्ध चार: २५ वजा १६ म्हणजे ९, आणि ९ चे वर्गमूळ ३. पाचांनी चारांना संपवले तर एक नव्हे, तीन उरतात! पाच विरुद्ध तीन असतील तर चार उरतात. तेरा विरुद्ध पाच असतील तर बारा. गणिताच्या शिक्षकांनी एव्हाना ओळखले असेल, ही तर पायथागोरसची त्रिकुटे आहेत.

हा नियम एकदम सगळीकडे लावू नये. हातघाईच्या लढाईत, विशेषतः चिंचोळ्या जागी, एका वेळी एकालाच एक भिडू शकतो. तिथे जास्तीच्या संख्येला मागे ताटकळत राहावे लागते आणि वर्गाचा नियम उरत नाही, साधी वजाबाकी उरते. खिंड लढवणे शक्य होते ते यामुळेच. स्टारक्राफ्टमधले जाणते खेळाडू आपल्या ठाण्याच्या तोंडाशी इमारती अशा बांधतात की आत यायला चिंचोळी फट उरते. झर्गलिंग हातघाईने लढणारे प्राणी असल्यामुळे त्यांच्याविरुद्ध ही युक्ती फार उपयोगी पडते.

बचाव करणाऱ्याची दुसरी मदतनीस म्हणजे अंतर. चिंचोक्यांच्या खेळात असा नियम घाला की काड्यांना शत्रूच्या ठाण्यापर्यंत पोहोचायला दोन फेऱ्या लागतात. धाडवाल्याच्या तीन काड्या तिसऱ्या फेरीअखेर निघाल्या तर पाचव्या फेरीअखेर पोहोचतील. शेतीवाल्याकडे तेव्हा एकही काडी नाही, त्याचा खेळ आटोपला. बंदोबस्तवाल्याकडे मात्र तोवर चार काड्या झालेल्या असतात. तीन विरुद्ध चार. हल्ला तर मोडतोच, शिवाय धाडवाल्याकडे पुन्हा उभे राहायला चारच खडे आणि समोरच्याकडे सात. माझा दुसरा डाव नेमका असाच गेला होता.

तिघांचे चक्र

आता तिघांचे परस्परसंबंध लिहून पाहू. धाड शेतीला हरवते. बंदोबस्त धाडीला हरवतो. आणि बंदोबस्ताला शेती हरवते, कारण बंदोबस्तवाला ज्या धाडीसाठी सावध राहिला ती आलीच नाही आणि तोवर दुसरा श्रीमंत झाला. मुले खेळतात त्या दगड-कागद-कात्रीसारखे हे चक्र आहे. यात सर्वोत्तम असा कोणताच डाव नाही.

निसर्गातही अशी चक्रे आढळतात. कॅलिफोर्नियातील एका सरड्याच्या नरांमध्ये गळ्याच्या रंगावरून तीन प्रकार असतात. नारिंगी गळ्याचे आक्रमक नर निळ्यांना हटवतात. निळे आपल्या मादीची राखण करतात, त्यामुळे चोरून शिरणाऱ्या पिवळ्यांना त्यांच्याकडे दाद लागत नाही. पण नारिंगी नरांचा प्रदेश मोठा असल्यामुळे तिथे पिवळ्यांचे फावते. सिनर्व्हो आणि लाइव्हली यांनी १९९६ मध्ये हे प्रसिद्ध केले. या तीन प्रकारांचे प्रमाण वर्षागणिक पाळीपाळीने वरखाली होते.

सर्वोत्तम डाव नसेल तर शहाण्या खेळाडूने काय करावे? डाव बदलते ठेवावेत, आणि कोणता डाव किती वेळा हे गणिताने ठरवावे. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाने या विषयाचा पाया घातला. आपण एक छोटे उदाहरण करू. समजा, धाड शेतीला भेटली तर धाडीला ३ गुण मिळतात, कारण तो घाव प्राणघातक असतो. बंदोबस्ताने धाड परतवली तर त्याला २ गुण. शेतीने बंदोबस्तावर मिळवलेली आघाडी हळूहळू कामी येते, म्हणून १ गुण. हरणाऱ्याचे तेवढेच गुण वजा.

या गुणांसाठी तोडगा असा निघतो: सहा डावांत एकदा धाड, तीनदा बंदोबस्त, दोनदा शेती. पडताळा सोपा आहे. असे खेळणाऱ्याविरुद्ध तुम्ही सहाही वेळा धाड घातलीत, तर दोन शेतीवाल्या डावांत ६ गुण मिळतील आणि तीन बंदोबस्ताच्या डावांत ६ जातील. बेरीज शून्य. सहाही वेळा बंदोबस्त केलात तर २ मिळतील, २ जातील. सहाही वेळा शेती केलीत तर ३ मिळतील, ३ जातील. काहीही केले तरी त्याच्यावर मात होत नाही.

इथे एक आश्चर्य दडलेले आहे. तिन्हींत सर्वांत मोठे बक्षीस धाडीला, आणि तोडग्यात तिचा वाटा सर्वांत लहान! आता धाड आणखी भयंकर करा, तिला ३ ऐवजी ६ गुण द्या. तोडगा बदलून नऊ डावांत एकदा धाड, सहादा बंदोबस्त, दोनदा शेती असा होतो. धाडीचे प्रमाण सहातून एकावरून नवातून एकावर आले. म्हणजे हत्यार जितके घातक, तितका त्याचा प्रत्यक्ष वापर कमी. फक्त सगळ्यांनाच बंदोबस्तावर जास्त खर्च करावा लागतो आणि शेतीचा वाटाही घटतो. धाडीचा परिणाम ती घातल्यावरच होतो असे नाही. ती घातली जाऊ शकते एवढ्यानेच समोरच्याची वाढ मंदावते.

नवशिके खेळाडू धाडीला रडीचा डाव म्हणतात. पण धाड खेळातून काढून टाकली तर उरेल काय? दोघेही निर्धास्तपणे शेती करत बसतील, आणि कोण जिंकणार हे बहुधा कोणाची बोटे जास्त चपळ आहेत त्यावर ठरेल. विचार करायला लावते ती धाडीची शक्यताच.

एक गाजलेला सामना

दक्षिण कोरियात स्टारक्राफ्टचे सामने दूरचित्रवाणीवर दाखवले जात आणि त्यातील खेळाडूंना क्रिकेटपटूंसारखी प्रसिद्धी मिळे. १२ नोव्हेंबर २००४ रोजी तिथल्या स्टारलीग स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत लिम यो-ह्वान आणि होंग जिन-हो हे दोन जुने प्रतिस्पर्धी समोरासमोर आले. पाच डावांत तीन जिंकायचे होते. प्रेक्षकांना रंगतदार लांबलचक लढतीची अपेक्षा होती.

लिमने पहिल्या डावात अगदी आरंभी कामकरी आणि थोडे बंदूकधारी सैनिक पाठवून होंगच्या ठाण्याजवळच एक ‘बंकर’ बांधला. बंकर म्हणजे चार सैनिक मावतील अशी भक्कम चौकी. तिची किंमत फक्त १०० एकक. झर्ग खेळाडू बहुधा लवकरच दुसरे ठाणे उभारतात, म्हणजे शेतीकडे झुकतात. ही धाड नेमक्या त्याच क्षणासाठी असते. लिम जिंकला. दुसऱ्या डावात त्याने पुन्हा तेच केले आणि पुन्हा जिंकला. तिसऱ्यांदा कोणी तेच करणार नाही असे कोणालाही वाटले असते. लिमने तिसऱ्यांदाही तेच केले आणि सामना ३–० असा संपला.

प्रेक्षकांपैकी अनेकांना फसवले गेल्यासारखे वाटले. पण आपल्या गणिताच्या दृष्टीने पाहा. डाव बदलते ठेवायचे याचा अर्थ मागच्या वेळी जे केले ते या वेळी करायचे नाही, असा नव्हे. फासा टाकून ठरवणाऱ्याच्या वाट्याला लागोपाठ तीनदा तेच दान येऊ शकते. ‘आता तो हे करणार नाही’ अशी खात्री समोरच्याला वाटू लागली, की ते करण्याची हीच वेळ असते. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिमची गाठ चोई यॉन-संग याच्याशी पडली. आधी अर्थव्यवस्था मोठी करून मग प्रचंड सैन्याने चिरडणे ही चोईची ख्याती होती. चोई ३–२ असा जिंकला. एका सामन्यावरून शेती श्रेष्ठ असा निष्कर्ष काढू नये, पण धाड हा अखेरचा शब्द नव्हे एवढे त्यावरून नक्की दिसते.

धुके आणि टेहळणी

बुद्धिबळात चार खेळ्यांत मात करण्याचा डाव अनेकांना ठाऊक असतो. तीही एक धाडच. पण ती फक्त नवशिक्यावर चालते, कारण पटावर सारे उघड असते. स्टारक्राफ्टमध्ये नकाशावर धुके असते. जिथे आपला माणूस आहे तेवढेच दिसते. समोरचा शेती करतोय की धाडीची तयारी, हे कळायला कोणाला तरी पाठवावे लागते. म्हणून चांगले खेळाडू आरंभीच एक कामकरी खाणीवरून काढून शत्रूच्या दिशेने धाडतात. त्याचे मिनिटाला ६५ एकक बुडतात. ही माहितीची किंमत झाली.

धाड घालणाऱ्यालाही धुके छळते. नकाशाला चार कोपरे असतील आणि एका कोपऱ्यात आपण, तर शत्रू उरलेल्या तिन्हींपैकी कुठे आहे? पहिल्याच फटक्यात बरोबर जागी जाण्याची संभाव्यता एक-तृतीयांश. चुकलो तर वाटेतच वेळ जातो, आणि धाडीला वेळच परवडत नाही.

ही अपुरी माहिती संगणकालाही बराच काळ अडवत होती. २०१९ च्या जानेवारीत डीपमाइंड या कंपनीने ‘अल्फास्टार’ ही प्रणाली जाहीर केली. तिने ‘स्टारक्राफ्ट २’ या पुढच्या खेळात दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५–० असे हरवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या निबंधानुसार तिची पातळी अधिकृत क्रमवारीतील ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर होती. ही प्रणाली स्वतःच्याच अनेक आवृत्त्यांशी खेळत शिकली. या शिक्षणाच्या आरंभी अगदी लवकर घातलेल्या धाडींची चलती होती. पुढे त्यांना तोंड देणे जमू लागले तसे असे धोक्याचे डाव मागे पडले आणि जास्त कामकरी काढून भक्कम अर्थव्यवस्था उभारणारे डाव पुढे आले. तरीही एकच सर्वोत्तम खेळाडू निवडण्याऐवजी संशोधकांना निरनिराळे खेळाडू एकत्र ठेवावे लागले, आणि फक्त दुसऱ्यांचे कच्चे दुवे शोधण्यासाठी म्हणून काही खास खेळाडू घडवावे लागले. कोणी माजू नये यासाठी धाडवाल्यांची गरज यंत्रालाही भासली म्हणायचे.

वर्गात आणि वर्गाबाहेर

चिंचोक्यांचा खेळ वर्गात दोघादोघांना समोरासमोर बसवून खेळता येईल. मध्ये एक पुठ्ठा उभा करा, म्हणजे धुके तयार झाले. एका फेरीत एक चिंचोका भरला तर पुठ्ठ्यापलीकडे एकदा डोकावता येईल असा नियम घाला. काही डाव झाले की मुलांना विचारा: डोकावण्याची किंमत दोन चिंचोके केली तर कोणाचा फायदा होईल? वाटेला दोनऐवजी चार फेऱ्या लागल्या तर? पाहा, उत्तरे सांगण्याची घाई करू नका. बऱ्याच गोष्टी त्यांना खेळतानाच सापडतील.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मापनासाठी उपकरण तयार केले. ते चांगले चालत होते, पण आणखी थोडे सुधारू, मग मोजू, असे म्हणत आम्ही दीड वर्ष सुधारत राहिलो. दुसऱ्या एका गटाने आमच्याहून ओबडधोबड उपकरण घेऊन तेच मोजले आणि निबंध छापला. त्या काळात मी दोन परिषदांना गेलो नव्हतो, कामातला वेळ मोडतो म्हणून. गेलो असतो तर ते काय करताहेत ते कळले असते. टेहळणीला पाठवायचा कामकरी मी खाणीवरच ठेवला होता.

तयारी किती करायची, हा प्रश्न दहावीच्या मुलापासून पेरणीच्या दिवसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सर्वांना पडतो. खेळातले उत्तर उचलून तिथे चिकटवता येणार नाही. प्रत्येक ठिकाणी समोर प्रतिस्पर्धी असतोच असे नाही, आणि असला तरी तो आपले कामकरी मारायला आलेला नसतो. पण प्रश्न विचारण्याची रीत तीच राहते: आत्ता केलेली गुंतवणूक किती दिवसांनी फिटेल, तोवर वेळ मिळेल का, आणि हे जाणून घ्यायला मी काय खर्च करायला तयार आहे?

भाच्याशी तिसरा डावही मी हरलो. मात्र या वेळी पंचवीस मिनिटे टिकलो.